वर्ग कायमचा बंद आहे

बंगलोर,
५ जानेवारी २००४

ती. श्यामलाकाकूंना माधवचा नमस्कार, आणि पाकीट उघडल्याबद्दल आधीच आभार.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही "बरं, ठेवते" म्हणता आणि खरंच ठेवता. ई-मेलचं तर तुमच्याकडे नावच काढायला नको. म्हणून पत्र.

परवा इथे एकाशी बोलताना कॉलेजची दोन वर्षं आठवली. तुमच्याकडे राहायचो, काकांची सायकल न विचारता न्यायचो, आणि तुमच्या जर्मनच्या वर्गातून तिसऱ्या आठवड्यात पळून गेलो. जुन्या बाजारात जुनी यंत्रं विकणारे जब्बारभाई आठवतात का? यंत्राबरोबर जर्मन पुस्तिका आली की ते तुमच्याकडे वाचून घ्यायला यायचे, आणि तुम्ही सगळा वर्गच रविवारी त्यांच्या दुकानापुढे नेऊन बसवायचात. यंत्र एक, पुस्तिका भलत्याचीच, असं किती वेळा निघायचं! पुस्तिका त्याच यंत्राची आहे की नाही ते आधी शोधा, मग वाचा, असं तुम्ही सांगायचात. मला दोन्ही जमलं नाही.

वर्ग अजून चालू आहे ना? मुलं किती असतात? शिकून पुण्यातच राहतात की बाहेर पडतात? जुन्या बाजारातलं वाचन अजून चालतं का? सहज विचारतोय.

वेगळ्या पार्सलने इथली कॉफी पाठवली आहे. तब्येतीला जपा.

तुमचा,
माधव

---

पुणे, शनिवार पेठ,
१२ जानेवारी २००४

चि. माधव,

आशीर्वाद आहेतच. बाकीचं, तुझं पत्र कशासाठी आहे ते कळल्यावर.

कॉफी पोचली. मी चहा पिते. दोन वर्षं या घरात राहून ते तुझ्या लक्षात राहिलं नाही. माझ्या वर्गात मुलं किती आणि ती शिकून कुठे जातात, याची मात्र तुला काळजी लागून राहिली आहे.

तुझे काका गेल्यापासून तीन नातेवाइकांनी माझी अशीच सहज चौकशी केली. तिघांनाही माझ्या तब्येतीची काळजी होती, आणि तिघांनीही गॅलरी कोणत्या दिशेला आहे ते विचारलं. तू अजून गॅलरीपर्यंत आलेला नाहीस, पण पत्र अजून पहिलंच आहे. तेव्हा लिहून ठेवते. फ्लॅट माझ्या नावावर आहे, मृत्युपत्र केलेलं आहे, आणि त्यात तू नाहीस.

वर्गाचं म्हणशील तर तो आता नावापुरता उरला आहे. चार मुलं येतात. त्यातल्या दोघांच्या आयांना संध्याकाळी मालिका बघायची असते म्हणून ती येतात. एकाला सर्दी असते. आजकाल जर्मन शिकून करायचं काय? जुन्या बाजारात आता कोणी जात नाही. जब्बार म्हातारा झाला, मीही झाले.

बघ, तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आता तू माझ्या एका प्रश्नाचं दे. काय हवं आहे?

श्यामलाकाकू

---

बंगलोर,
२० जानेवारी २००४

ती. काकू, नमस्कार.

तुमच्या पत्राने बरं वाटलं. तुम्ही अजिबात बदललेल्या नाहीत. या वेळी चहा पाठवला आहे.

फ्लॅट मला नको. शपथेवर सांगतो. गॅलरी पश्चिमेला आहे हे मला माहीतच आहे, मी तिथे झोपायचो.

आमच्या ऑफिसात उल्का नावाची तुमची विद्यार्थिनी आहे, तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. फार हुशार मुलगी. ती म्हणते, दिवाळीत ती भेटायला आली तेव्हा तुमच्या हॉलमध्ये जागा नव्हती म्हणून मुलं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बसली होती. तुम्ही म्हणता, चार. मी यावर काही म्हणत नाही.

माझ्या एका मित्राला पुण्याची थोडी माहिती हवी आहे, एवढंच. तुमची मुलं वर्ग पुरा करतात की मध्येच सोडतात? आणि दोन वर्षं शिकलेलं मूल एखादं तक्रारीचं पत्र आपलं आपण वाचू शकेल का? जमल्यास कळवा.

माधव

---

पुणे,
३ फेब्रुवारी २००४

चि. माधव,

चहा चांगला आहे. त्यामुळे संशय आणखी वाढला.

तुझ्या मित्राचं नाव काय? माणूस मित्राबद्दल लिहितो तेव्हा निदान आडनाव तरी लिहितो. तुझ्या मित्राला नाव नाही, गाव नाही, आणि त्याला माझ्या विद्यार्थ्यांनी तक्रारीची पत्रं वाचायला हवी आहेत.

मागच्या आठवड्यात मंडईत उल्काची आई भेटली. मटार घेत होती, भारी खुशीत होती. म्हणाली, "बाई, उल्काचं ऑफिस बंगलोरहून हलतंय, बहुतेक पुण्याला येतंय. पोरगी घरी येईल." मी म्हटलं, वा वा. घरी येऊन तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली, तेव्हा सगळा उलगडा झाला.

आणि परवा एक गृहस्थ दारात आले. नाव श्रीनिवास. पुतण्याला वर्गात घालायचं आहे म्हणाले. वर्गात मुलं किती, कुठल्या कुठल्या भागांतून येतात, किती टिकतात, सगळं विचारलं. फी किती ते विचारलं नाही. अरे, या पेठेत मूल वर्गात घालायला आलेला माणूस चप्पल काढायच्या आधी फी विचारतो! याला पुतण्याचं वय विचारलं तर क्षणभर वर छताकडे बघितलं. मी सांगितलं, वर्ग बंद केला, मुलं मिळत नाहीत. तो गेल्यावर पाटीही लावली. "वर्ग कायमचा बंद आहे. कारण विचारू नये." मुलांना सांगून ठेवलं आहे, पाटीकडे लक्ष न देता आत यायचं.

माझी मुलं चार नाहीत. किती आहेत ते तुला सांगणार नाही. तुम्हा लोकांची रीत मला ठाऊक आहे. पाच वर्षांचा अभ्यास असतो. दुसऱ्या वर्षी मुलाला चार वाक्यं सरळ लिहिता येऊ लागतात, त्याच वेळी तुमच्यासारखा कोणीतरी पगार दाखवून उचलून नेतो. मग ते मूल आयुष्यभर तीच चार वाक्यं लिहितं. माझ्या वर्गातली कच्ची मुलं मी कुणाला नेऊ देणार नाही. तुझ्या बिननावाच्या मित्राला कळव.

श्यामलाकाकू

---

बंगलोर,
११ फेब्रुवारी २००४

ती. काकू,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

मित्र नाही. मीच आहे. म्हणजे मी नोकरी करतो ती कंपनी. आणि श्रीनिवास आमच्याच ऑफिसातला. त्याला मी पाठवलं नव्हतं, साहेबांनी परस्पर पाठवलं. त्याने परत येऊन लिहून दिलं की पुण्यात आता जर्मन शिकणारं कोणी राहिलेलं नाही, नावाजलेला वर्गसुद्धा बंद पडला, दारावर पाटी आहे. साहेबांचं मन आता चेन्नईकडे झुकलं आहे. तिथे जर्मन येणारी माणसं आहेत आणि इमारतही तयार आहे.

आता सरळ सांगतो. जर्मनीतले काही पंप बनवणारे कारखाने आहेत. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आमच्याकडे येतात. पंप बिघडला, बदलून द्या, नुकसान भरून द्या. आमच्या माणसाने पत्र वाचायचं, त्या पंपाची पुस्तिका वाचायची आणि तक्रार खरी की खोटी ते ठरवायचं. जर्मन येणारे लोक इथेही मिळतात. पण ते पत्र वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. उल्का ठेवत नाही. हा पंप त्या पुस्तिकेतला नाहीच, हे पत्र लिहिणाऱ्याने पंप पाहिलेलाच नाही, असं ती शोधून काढते. साहेबांनी तिला विचारलं, हे तू कुठे शिकलीस? ती म्हणाली, पुण्यात, जुन्या बाजारात. साहेब हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, अशी वीस माणसं आण. मी सांगितलं, पुण्याची मुलं घर सोडून इकडे येत नाहीत. तर म्हणाले, मग आपण तिकडे जाऊ. इमारत कुठेही मिळते, अशी माणसं मिळत नाहीत.

हे मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. वाटलं, तुम्ही माझ्यावर संशय घ्याल. तो तर तुम्ही घेतलातच.

आणखी दोन गोष्टी. ऑफिस चेन्नईला गेलं तर तिथली व्यवस्था बघायला तिथलाच माणूस घेणार आहेत. माझं काय, याचं उत्तर कोणी देत नाही. पन्नाशीच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देतं, तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. डिसेंबरात आम्ही पाच शहरांत लेखी चाचणी घेतली होती. सगळ्यांत पहिली आलेली मुलगी पुण्याची आहे. जब्बारभाईंची परवीन. तिने अर्जाच्या खाली लिहिलं आहे, "मला पुणे सोडता येणार नाही." काकू, ऑफिस चेन्नईला गेलं तर तो अर्ज कचऱ्यात जाईल.

माधव

---

पुणे,
१६ फेब्रुवारी २००४

चि. माधव,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला वाटलं, तू परवीनचं नाव मुद्दाम घातलंस. तुला माहीत असणार की ती माझी सगळ्यांत लाडकी आहे, आणि उल्काने ते सांगितलं असणार. परवीन रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसते. चाचणी दिली आणि मला बोलली नाही, हे शक्यच नाही असं मी ठरवून टाकलं.

काल रविवार होता. मी जुन्या बाजारात गेले. हो, वाचन अजून चालतं. मी खोटं लिहिलं होतं.

परवीन एका शिलाई मशिनची पुस्तिका घेऊन बसली होती. मी म्हटलं, "डिसेंबरात कुठे चाचणी दिलीस का?" तिने पुस्तिका मिटली. म्हणाली, "दिली, बाई."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, अजून एक वर्ष थांब."

"म्हणालेच असते."

"दोन वर्षं तेच म्हणताय, बाई. मी आता पाचव्या वर्षात आहे."

माधव, तिचं खरं होतं. मुलगी पक्की होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी तिला कच्चीच म्हणत बसले होते. तिची आई शहजादी गेल्या वर्षापासून अंथरुणाला आहे. उजवी बाजू गेली. बाप आणि मुलगी आळीपाळीने घरी थांबतात, म्हणून तिला पुणे सोडता येत नाही. हे मला माहीत होतं. तिला नोकरीची गरज आहे हे कळायला मला तुझं पत्र लागलं.

जब्बार ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, चेन्नईला मी पाठवणार नाही. बंगलोरलाही नाही. इथं आलं तर बघू. पण मला आधी हे कळू द्या, चालतं ऑफिस उचलून कुणी दुसऱ्या गावाला का नेतं? तिथं काहीतरी भानगड केली असणार." मला त्याचं म्हणणं पटलं. तूही त्याचा विचार कर.

आता माझं सांगते, आणि हे एकदाच. मला मुलांच्या अभ्यासाची काळजी होती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तुझे काका गेल्यावर माझा दिवस साडेपाचला सुरू होतो. दारात चपला काढल्याचे आवाज येऊ लागतात, कोणीतरी कुणाच्या चपलांवर चप्पल ठेवतं, भांडण होतं, मी आतून ओरडते. त्या चपला जातील याची मला भीती वाटली. तू चोर आहेस असं मी ठरवलं, कारण तसं ठरवलं की मला माझ्या भीतीकडे बघावं लागत नव्हतं.

तेव्हा ऐक. त्या श्रीनिवासला घेऊन २९ तारखेच्या रविवारी जुन्या बाजारात या. पुतण्याला आणायची गरज नाही. त्याला परीक्षा घ्यायची असेल तर तिथेच, जब्बारच्या दुकानापुढे घ्यावी. मी येणार नाही. मी असले की मुलं उत्तर देताना माझ्याकडे बघतात.

अट एक आहे. ज्याचा अभ्यास पुरा झालेला नाही, असा माझा एकही विद्यार्थी कंपनी घेणार नाही. साहेबांकडून लेखी हवं. तुझ्या शब्दावर मी विसंबून राहणार नाही. राग मानू नकोस, कुणाच्याच शब्दावर राहत नाही.

श्यामलाकाकू

---

बंगलोर,
४ मार्च २००४

ती. काकू, नमस्कार.

तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून सगळं लिहितो.

श्रीनिवासला जुना बाजार पहिल्याच पाच मिनिटांत नकोसा झाला. ऊन, गर्दी, खाली पसरलेले नट-बोल्ट. जब्बारभाईंनी त्याला लोखंडी पेटीवर बसवलं आणि चहा मागवला. तुमची मुलं आजूबाजूला बसली होती. चार असतील असं मला वाटलं होतं, तुमच्या पत्रावरून. मोजायचं मी सोडून दिलं.

श्रीनिवासने बंगलोरहून एक खरंखुरं तक्रारीचं पत्र आणलं होतं, कोणालाही न सांगता. मलासुद्धा. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, तुमचा पंप रात्रभर पूर्ण भाराने चालला आणि सकाळी बंद पडला, नवा पाठवा. पत्राखाली आणखी एक रागाची ओळ होती, की पंपाचा लाल अडसर इतका घट्ट बसवला आहे की आमच्या दोन माणसांनी मिळून जोर लावला तरी तो अजून निघालेला नाही, असला माल पाठवता कसे. त्याने ते पत्र आणि पंपाची पुस्तिका परवीनला दिली.

परवीनने पत्र वाचलं. मग पुस्तिका चाळली. पुस्तिकेवरचा पंपाचा नंबर पत्रातल्या नंबरशी जुळतो का ते आधी बघितलं. मला हसू आलं. मग तिने श्रीनिवासला विचारलं, "हा लाल अडसर प्रवासात पंपाचा दांडा हलू नये म्हणून लावतात, असं इथे लिहिलं आहे. तो काढल्याशिवाय पंप फिरतच नाही. बरोबर?"

श्रीनिवास म्हणाला, असेल.

"आणि अडसर अजून निघालेला नाही, असं हेच म्हणतायत. मग पंप रात्रभर चालला कसा? आणि चाललाच नाही, तर बिघडला कधी?"

काकू, श्रीनिवासने ते पत्र तिच्या हातून परत घेतलं आणि पुन्हा वाचलं. ते पत्र आमच्या ऑफिसातल्या तिघांच्या हातून गेलं होतं. उल्का तेव्हा रजेवर होती. तिघांनीही तक्रार खरी धरली होती आणि नवा पंप पाठवलासुद्धा गेला होता.

जब्बारभाईंना जर्मन येत नाही, पण काय झालं ते त्यांना बरोबर कळलं. ते म्हणाले, "साहेब, तुमचं ऑफिस इथं का येतंय? इथली माणसं स्वस्त मिळतात म्हणून?"

श्रीनिवास म्हणाला, "स्वस्त माणसं चेन्नईतही मिळतात. तुमच्या मुलीसारखी मिळत नाहीत."

"मग पगार चेन्नईच्या भावाने का देणार? जास्त द्या."

यावर तुमची सगळी मुलं हसली. श्रीनिवास हसला नाही, पण परत येताना विमानात मला म्हणाला, त्या माणसालाही घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

परवा साहेबांनी निर्णय दिला. ऑफिस पुण्याला येणार. धायरीला इमारत बघितली आहे. मीही येतो आहे. तुमची अट साहेबांनी मान्य केली, त्यांचं सहीचं पत्र सोबत आहे. ते नीट तपासून घ्याल, हे सांगायला नकोच.

त्या रविवारी संध्याकाळी मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. पाटी बघितली. आतून काही आवाज नव्हता. वाटलं, तुम्ही खरंच बंद केलात, माझ्यामुळे. बेल वाजवायचा धीर झाला नाही. तसाच स्टेशनवर गेलो.

माधव

---

पुणे,
९ मार्च २००४

चि. माधव,

साहेबांचं पत्र तपासलं. सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. "शक्यतो" हा शब्द दुसऱ्या ओळीत लपवलेला आहे, तो मला दिसला. तरीही ठेवून घेते.

श्रीनिवास तुझ्याबरोबर विमानात होता असं वरती लिहितोस, आणि तू स्वतः स्टेशनवर गेलास असं खाली लिहितोस. यातलं एक खोटं आहे. माझा अंदाज, तू स्टेशनवर जाऊन बसलास, चहा प्यायलास, मग विमानतळावर गेलास. लहानपणापासून तुझं असंच. वाईट वाटलं की तू स्टेशनवर जाऊन बसायचास.

मी घरीच होते. गॅलरीत बसले होते. कोणी जिना चढून आलं आणि बेल न वाजवता उतरलं, ते ऐकलं. मला वाटलं, पुन्हा एखादा पुतण्या असेल.

दारावर पाटी होती म्हणून परत गेलास? माझ्या घरात दोन वर्षं राहिलेला मुलगा पाटीवर विश्वास ठेवतो? तुला तिसऱ्या आठवड्यात वर्गातून जाऊ दिलं ते बरोबरच केलं मी.

पाटी काढली आहे. बंगलोरच्या ऑफिसातल्या बाकीच्या लोकांचं काय होणार, ते तू कुठेच लिहिलं नाहीस. विचारत नाही. पण लिहिलं नाहीस हे मला दिसलं.

श्यामलाकाकू

---

पुणे,
१३ डिसेंबर २००४

चि. माधव,

तू धायरीला आणि मी शनिवार पेठेत. बंगलोरला होतास तेव्हा महिन्यातून दोनदा तुझं अक्षर दिसायचं. आता एका गावात आहोत, तर सहा महिन्यांत दोनदा आलास, आणि दोन्ही वेळा घड्याळाकडे बघत बसलास. म्हणून पुन्हा पत्र.

तुझं ऑफिस बघून आले. तू मीटिंगमध्ये होतास. धायरीला आम्ही पूर्वी हुरडा खायला जायचो. आता तिथे पाचव्या मजल्यावर माझ्या मुली काचेच्या भिंतीआड बसून लोकांवर जर्मनमधून संशय घेतात. परवीन मला तिच्या खुर्चीवर बसवून पत्र दाखवत होती. तिच्या आईला आता दिवसभरासाठी बाई ठेवली आहे. मागच्या आठवड्यात शहजादी धरून धरून दारापर्यंत चालली म्हणे. मी परवीनला म्हटलं, तुझं दुसऱ्या परिच्छेदातलं क्रियापद चुकलं आहे. ती म्हणाली, "बाई, इथं कोणी बघत नाही." मी म्हटलं, मी बघितलं.

तुमच्या साहेबांनी शब्द पाळला. दोन वर्षं शिकलेल्या एकाही मुलाला त्यांनी घेतलं नाही. पण मुलांनी तुमच्याइतकी वाट बघितली नाही. परवीनचा पगार पाहून आधी दुसऱ्या वर्षाची मुलं वर्ग सोडून गेली, मग त्यांचं बघून सगळीच. एकजण विमा कंपनीत, एकजण त्या नव्या मॉलशेजारच्या ऑफिसात, बाकीची कुठे कुठे. मी लेखी घ्यायला विसरले ते त्यांच्याकडून. तुझ्यावर संशय घेतला, श्रीनिवासवर घेतला, तुमच्या साहेबांवर घेतला. माझ्या मुलांवर घ्यायचं सुचलंच नाही.

तुला दोष देत नाही. भीती वाटत होती तेच झालं, आणि परवीनची आई दारापर्यंत चालली. दोन्ही एकदम झालं, म्हणून नीट रडताही येत नाही. साडेपाचला मी पंखा लावते, फळा पुसते, खुर्चीत बसते. दारात चपला नसतात. दोन महिने असंच चाललं होतं.

काल बेल वाजली. दारात जब्बार. हातात नवी वही, खिशात दोन पेनं, डोळ्यांवर नवा चष्मा. मी म्हटलं, "काय रे, कुठली पुस्तिका आणलीस? आता वाचायला कोणी नाही."

तो म्हणाला, "पुस्तिका नाही, बाई. मला शिकायचंय."

मी विचारलं, या वयात जर्मन शिकून काय करणार? मला वाटलं, तुमच्या कंपनीचं काहीतरी काम असेल, किंवा परवीनने म्हातारीला सोबत म्हणून पाठवला असेल. तसं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

तो दाराशी उभा राहून म्हणाला, "परवीन रात्री फोनवर कुणाशी तरी जर्मनमध्ये बोलते. कामाचं आहे म्हणते. मग मध्येच हसते. कामाच्या गोष्टीत हसण्यासारखं काय असतं, बाई? मला कळायला नको?"

मी त्याला आत घेतलं. त्याने चपला दारात काढल्या, मोठ्या, लोखंडाचा वास येणाऱ्या. मग बसण्याआधी त्याने माझ्या फळ्यावरचं वाक्य बघितलं आणि विचारलं, "हे बरोबरच आहे कशावरून?"

संशयी माणूस आहे, माधव. चांगला शिकेल.

श्यामलाकाकू